चार नंबरचा काउंट

पहाटे ४:५०
मोशी. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं, आणि आजचा मंगळवार पाण्याचा. मामा आधी टाकी भरून घेतात, मग चहा. वय अठ्ठेचाळीस. औंधच्या आयटीआयचे फिटर. १९९७ मध्ये भोसरीत लांडेवाडीला हेल्पर म्हणून लागले, पुढे डाय सेटर झाले. आता चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये पहिल्या पाळीचे सुपरवायझर आहेत. त्यांचं नाव इथे नको, कंपनीचंही नको. शॉपवर सगळे त्यांना मामाच म्हणतात, मालकसुद्धा.

५:३५
बाइकला किक. पेट्रोल शंभराच्या वर लिटर, म्हणून गाडी पन्नासच्या पुढे जात नाही. इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, मग तळेगाव चौकातून डावीकडे खराबवाडी. या वेळेला पंचवीस मिनिटं लागतात. परतीच्या वेळेबद्दल मामा बोलत नाहीत.

एके काळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन, आणि मग मोठ्या कंपनीला माल पुरवणारी लहान, लहानीला पुरवणारी आणखी लहान, अशा शेडी थेट शेतांपर्यंत गेल्या. मामांची शेड त्या रांगेत तिसरी.

६:१५
गेट. यंत्रासमोर चेहरा धरायचा, हिरवा दिवा लागला की हजेरी. रात्रपाळी करून सुटलेली पोरं उलट्या दिशेने बाहेर पडतात. खराबवाडीतल्या खोल्यांत गादी एकच असते, झोपणारे दोन: एक निघाला की दुसरा आडवा होतो.

शॉपमध्ये अकरा पॉवर प्रेस. पाळीत एकोणीस माणसं. त्यातली पाच कायम, निळ्या शर्टाची. चौदा ठेकेदाराची, राखाडी टी-शर्टची. टी-शर्टचे पैसे पहिल्या पगारातून कापतात.

गेटच्या आत 'स्टार ऑफ द मंथ'चा फलक आहे. त्यावर एका हसऱ्या पोराचा फोटो. त्याला सात महिने भरत आले म्हणून गेल्या महिन्यात ब्रेक मिळाला, म्हणजे घरी पाठवलं. तो आता तळवड्यात कुठेतरी लागलाय म्हणतात. फोटो अजून इथेच आहे.

६:३०
मीटिंग. सगळे गोलात उभे. गुणवत्तेची प्रतिज्ञा एकाच सुरात, शाळेतल्यासारखी. मग कालचे आकडे. प्लांट इन्चार्ज वहीतून वाचतात.

"चार नंबर. टार्गेट दोन हजार दोनशे चाळीस. झाले चौदाशे चाळीस."

चार नंबरवर परभणीचा पोरगा आहे. वय बावीस, पाचवा महिना. मान खाली. मीटिंग संपल्यावर इन्चार्ज मामांना बाजूला घेतात. "बदली मागवू का? ठेकेदाराला फोन केला की संध्याकाळपर्यंत दुसरा माणूस येतो." मामा म्हणतात, "आजचा दिवस द्या." इन्चार्ज घड्याळ बघतात. दिला.

६:४५
चार नंबर म्हणजे ६३ टनी प्रेस. काम बेंडिंगचं. दोन भोकं पाडलेली सपाट पट्टी उचलायची, डायमधल्या दोन पिनांवर बसवायची, हात बाहेर, दोन्ही बटणं एकदम दाबायची. धप्प. वाकलेला ब्रॅकेट चिमट्याने काढून बिनमध्ये टाकायचा. तासाला ३२०, म्हणजे सव्वाअकरा सेकंदांना एक.

मामा शेजारी उभे राहतात. काही बोलत नाहीत. पोरगा आधी घाबरून घाई करतो, मग थकून आपल्या चालीवर येतो. मामांना हेच हवं होतं. सुपरवायझर शेजारी असताना पहिली दहा मिनिटं सगळेच चांगले कामगार असतात.

७:४५
फळ्यावर तासाचा आकडा: २०८.

मामांनी दोन गोष्टी पाहिल्यात. एक, दर सात-आठ पट्ट्यांमागे एक पट्टी पिनांवर बसत नाही. मग पोरगा मागच्या खिशातून कानस काढतो, भोकाच्या कडेची बर्र दोन हात मारून घालवतो, पट्टी बसवतो, कानस परत खिशात. दुसरी, पट्ट्यांची बिन जमिनीवर आहे. दर पट्टीला कमरेत वाकणं.

"हे कानस मारणं कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असतील, मामा."

"सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? मला वाटलं, हेच काम आहे."

कानससुद्धा त्याची स्वतःची. चाकणच्या बाजारातून घेतलेली, दीडशे रुपयांची. टूल रूममधून इश्यू करून घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस रोज सकाळी तो आकडा गोलात मोठ्याने वाचला गेला. आकडा कमी का, हे मात्र एकदाही कोणी विचारलं नाही.

८:०५
बर्र येते दोन नंबरवरून. तिथे भोकं पडतात. तिथला पंच बोथट झालाय. दोन नंबर बंद करून पंच काढला, टूल रूमला धार लावायला दिला. पाऊण तास. दोन नंबरवाल्याचा आजचा आकडा पडणार, तो कुरकुरतो. मामा फळ्यावर त्याच्या आकड्यापुढे खडूने लिहितात: 'पंच ग्राइंडिंग'. फळ्यावर कारणाचा रकाना आधी नव्हता. मामांनी दिवाळीनंतर आखून घेतला. त्याला इन्चार्जांची हरकत एवढीच होती की मोठ्या कंपनीचं ऑडिट आलं की सगळी कारणं त्यांनाही दिसतील.

स्क्रॅपच्या ढिगामागे अँगलचा एक जुना स्टँड पडला होता. मेंटेनन्सच्या माणसाने दोन टाके मारून दिले. बिन कमरेइतक्या उंचीवर आली. खर्च शून्य. रीतसर फॉर्म भरला असता तर स्टँड पुढच्या महिन्यात आला असता.

९:३०
चहा, दहा मिनिटं. चहा कंपनीचा, बिस्किट स्वतःचं.

पोराची हजेरी ५६० रुपये. सव्वीस दिवस भरले तर १४,५६०. त्यातून पीएफचे बारा टक्के, ईएसआयचे पाऊण टक्का, व्यवसाय कराचे दोनशे जातात. हातात साडेबारा हजार. खोली सहा जणांत, वाट्याला ११०० लाइटबिलासकट. मेस २८००. मोबाइलचा रिचार्ज तीनशेचा, आणि तो अठ्ठावीस दिवसांतच संपतो. घरी ५०००. उरतात तेहेतीसशे. त्यातच चप्पल, औषध, परभणीची गाडी आणि ती कानस. ओव्हरटाइम मिळाला तर बरं, म्हणून ओव्हरटाइमला कोणी नाही म्हणत नाही. म्हणूनच दुसऱ्या सकाळी कोणाचे डोळे उघडत नाहीत.

पगार मामांच्या हातात नाही. हजेरी दहा रुपयांनी वाढवायची तरी फाइल पुण्यातल्या ऑफिसपर्यंत जाते आणि तिथेच राहते.

९:४०
चहा संपला तरी मामा त्याला आत जाऊ देत नाहीत. पार्किंगमध्ये नेतात. एका गाडीपाशी उकिडवे बसतात, त्यालाही बसवतात. साइड स्टँडच्या वर बोट ठेवतात.

"हे ओळख."

पोरगा वाकून बघतो. हात लावतो. "हा आपला आहे."

"रोज चौदाशे करतोस. कुठे बसतो ते माहीत होतं?"

"नाही."

"गाडी यावर टेकते. वाकवताना कोन चुकला तर गाडी उभी राहत नाही. पोरगं बसलेलं असतं वर."

पोरगा पुन्हा हात लावतो. "मामा, म्हणजे ही गाडी मी केलेली?"

"नाही रे. गाडी चार वर्षांची आहे. तू तेव्हा शाळेत असशील."

दोघं हसतात. दहा मिनिटांची सव्वीस झाली. मामा ही ज्यादा सोळा मिनिटं कुठेही लिहीत नाहीत.

आत आल्यावर मामा त्याच्या हातात कोनाचं गेज देतात. आतापर्यंत तपासणी क्वालिटीच्या मुलीकडेच होती. तासाला एकदा ती येई, पाच नग बघे, सही करून जाई. आता दर पन्नास नगांनी एक नग त्याने स्वतः बघायचा. काम वाढलं. मला वाटलं होतं, तोंड वाकडं करेल. त्याने गेज कापडाने पुसलं आणि मशीनच्या खणात बिनच्या पट्ट्यांपासून लांब ठेवलं.

१०:४५
फळ्यावर: २६४.

आता सहा नंबर. इथला माणूस बुलढाण्याचा, एकोणतीस वर्षांचा. या पट्ट्यात सात वर्षं, पाच ठेकेदार, किती ब्रेक ते त्यानेही मोजायचं सोडलंय. हात असा की बघत राहावं. पट्टी न बघता पिनांवर बसते. आणि आकडा तासाला २५०. कालही २५०, परवाही २५०. त्याला कोणी गेज दिलं, गाडी दाखवली, पाठ थोपटली, तरी २५०.

मी त्याला विचारलं. तो मशीन न थांबवता बोलला.

"गेल्या वर्षी टार्गेट दोनशे ऐंशी होतं. एक उत्साही पोरगा आला, तीनशे काढले. त्याला टाळ्या मिळाल्या, आम्हाला तीनशे. मग कोणीतरी तीनशे वीस काढले. मी काढले तर किती होतील?"

मामा जवळच होते. त्यांनी ऐकलं. पुढे गेल्यावर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे." थोड्या वेळाने परत म्हणाले, "पण मला फळा भरायचा असतो."

सहा नंबरवर मामांकडे उपाय नाही. कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. टार्गेट एकदा ठरलं की वर्षभर हलणार नाही, असं कोणी लिहून दिलं तर कदाचित. लिहून कोणी देत नाही.

११:२०
सात नंबरचा आवाज बदलला. धप्प, धप्प, मधला श्वास नाही. मामा न धावता, पण भरभर तिकडे.

डावं बटण काळ्या टेपने दाबून बांधलेलं. दोन बटणं अशासाठी असतात की दाबताना दोन्ही हात डायच्या बाहेर असावेत. एक बांधलं की एका हाताने पट्टी बसवता येते, दुसऱ्याने बटण मारता येतं. तासाला साठ-सत्तर नग वाढतात. बोटं एकदाच जातात.

मामा मशीन बंद करतात, खिशातल्या ब्लेडने टेप कापतात. शिवी एकच देतात, तीही हळू. पोरगा ओडिशाचा, दुसराच महिना. त्याला 'स्टार' व्हायचं होतं. या महिन्याचं बक्षीस इंडक्शन शेगडी आहे. खोलीवर सिलिंडर नाही, शेगडी आली असती तर रात्रीचा भात खोलीवरच झाला असता.

टॅपिंगवर एक जुने काका आहेत, निळ्या शर्टाचे. डाव्या हाताला साडेतीन बोटं. मामा पोराला त्यांच्याकडे पाठवतात. काका भाषण देत नाहीत. हात समोर धरतात, पोराने बघितलं याची खात्री करतात आणि पुन्हा टॅपिंगला लागतात.

दुपारी १२:००
जेवण, अर्धा तास. माणसं कमी, त्यामुळे कायद्याने कँटीन लागत नाही, आणि नाहीच. शेडच्या सावलीला पुठ्ठे टाकून डबे. मेसच्या डब्यात आज वाटाणा-बटाटा, म्हणजे कालचाच.

बोलणं २०१३ वर जातं. त्या जूनच्या शेवटी बजाजच्या चाकण कारखान्यात संप झाला. पन्नास दिवस चालला. मागण्यांत एक अशी होती की या पट्ट्यात कोणी आधी ऐकलेली नव्हती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर, रुपयाला एक. शेअर मिळाले नाहीत, संप ऑगस्टमध्ये मिटला. टॅपिंगवाले काका म्हणतात, "वेडेपणा होता." मामा म्हणतात, "वेडेपणा कसला? आपण केलेल्या गाडीत आपलाही वाटा असावा, एवढंच तर मागितलं." परभणीचा पोरगा विचारतो, शेअर म्हणजे मोबाइलवर घेतात तेच का. तेच.

काकांना गुणवंत कामगार पुरस्कारासाठी अर्ज करायचाय. तो पुरस्कार महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ देतं. काकांनी मंडळाच्या स्पर्धेत नाटकात कामही केलंय, हवालदाराचं. पुरस्काराला काही वर्षांची नोकरी लागते. राखाडी टी-शर्टवाले ऐकतात. कल्याण निधीचे पैसे जून आणि डिसेंबरला त्यांच्याही पगारातून कापले जातात.

भिंतीवर सूचनापेटी आहे, वर 'कायझेन' लिहिलेलं. मामा सांगतात, गेल्या वर्षी उघडली तेव्हा आत सात चिठ्ठ्या होत्या. पाच पंख्याबद्दल. पंखा आला, पण इन्चार्जांच्या केबिनबाहेर. त्यानंतर कोणी चिठ्ठी टाकली नाही.

१२:५०
शीट संपलं. ट्रक तळेगाव चौकात अडकलाय, ड्रायव्हर फोनवर शिव्या देतोय. दोन नंबर बंद, त्यामागे चार नंबर बंद. पोरं मशीन पुसतात, मग तीच परत पुसतात. अडतीस मिनिटं. मामा कारणाच्या रकान्यात लिहितात: 'मटेरियल नाही'.

ही अडतीस मिनिटं मामा वाया जाऊ देत नाहीत. चार नंबरची डाय उघडून पोराला दाखवतात. कुठे पॅकिंग लागतं, शट हाइट कशी धरायची, बोल्ट आधी कोणता आवळायचा. शॉपमध्ये सेटर एकच. डाय बदलायची वेळ आली की त्याची वाट बघत मशीन तास-तास उभी राहते. पोरगा प्रश्न विचारतो, त्यातले दोन चांगले असतात. सेटर लांबून बघतोय. त्याला हे फारसं आवडलेलं नाही. ते साहजिक आहे. या गल्लीत सेटरला वीस-बावीस हजार मिळतात ते एकटा असतो म्हणून.

१:४५
ठेकेदाराचा माणूस आलाय. एचआरच्या टेबलावर पुढच्या महिन्याची ब्रेकची यादी. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याने काही मागता येतं. ते भरू नयेत म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास पंधरा-वीस दिवसांची घरवापसी. मग नवा नंबर, नवा टी-शर्ट, नवी कपात.

यादीत चार नंबर नाही. त्याच्या पुढच्या महिन्याच्या यादीत असेल. मामा एचआरला म्हणतात, "त्याला सेटिंग शिकवतोय. कंपनीच्या रोलवर ट्रेनी म्हणून घेता येईल का बघा."

"आकडा किती काढतो?"

"आज बघा."

"मेल टाका, मामा."

मामांनी मेल कधी टाकलेला नाही. क्वालिटीच्या मुलीकडून लिहून घेतात. ती इंग्रजीत चार ओळी लिहिते, वाचून दाखवते, मामा मान हलवतात.

३:००
पाळी सुटली. चार नंबर: १,५०८. रिजेक्शन तीन. शेवटच्या सलग तासाला २७१.

म्हणजे कालच्यापेक्षा ६८ जास्त. पंच, ट्रक आणि पार्किंगमधल्या गप्पा धरून मशीन तासाभराच्या वर उभी होती. संगणकात मात्र रकाने दोनच: टार्गेट आणि झाले. उद्या साडेसहाला इन्चार्ज वाचतील, "चार नंबर, पंधराशे आठ." मामा फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतात, कारणांच्या रकान्यासकट.

३:१०
पोरगा हात धुऊन येतो.

"मामा, सेटिंग नीट कधी शिकवता?"

"गुरुवारी ये." एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, त्या दिवशी मेंटेनन्स चालतं, शॉप मोकळं असतं.

"गुरुवारचे पैसे?"

"नाही मिळणार."

"ओव्हरटाइम?"

"नाही."

पोरगा विचार करतो. फार वेळ नाही. "मग नको, मामा. गुरुवारी झोपतो मी."

मामांना राग येत नाही. वही काढतात. उद्या दीड वाजता चार नंबरची डाय बदलायची आहे. सेटरच्या नावापुढे ते पोराचं नाव लिहितात. हे पाळीतलं काम, हजेरीत धरलेलं. "उद्या डबा लवकर खा."

५:२०
आळंदी फाट्याच्या अलीकडे मामा अर्धा तास उभे आहेत. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बस. फोन वाजतो. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर.

"मामा, चार नंबरचा बिनचा स्टँड कुठे गेला? नऊ नंबरवाल्याने उचलला वाटतं. बिन परत खाली आहे."

"नऊकडून घे."

"तो म्हणतो, त्याचीही कंबर दुखते."

मामा गाडी बंद करतात, पेट्रोल वाचवायला. "राहू दे त्याला. मेंटेनन्सला सांग, मागे अजून अँगल पडलेत. दोन बनव. आणि नंबर टाक त्यांच्यावर."